लोलो-बर्मी भाषा : वर्गीकरण कशावर करायचं, आणि 'बोली' म्हणून यादीतून गळलेल्यांचं काय?

अनुस्वार (धागाकर्ता)

बर्मी भाषेत 'चार'ला ले म्हणतात, लिसूत ली, लाहूत नुसतं ऑ आणि मारूत बित्. चौघी एकाच घरातल्या. हे घर म्हणजे तिबेटो-बर्मी कुळातली लोलो-बर्मी शाखा. पसारा युन्नान, दक्षिण सिचुआन, ग्वीचौ, म्यानमार, थायलंड-लाओस-व्हिएतनामचा डोंगराळ पट्टा. एकदोन टोकं बांगलादेशात आणि आपल्या ईशान्येत.

ढोबळ मांडणी बहुतेकांना मान्य आहे. एकीकडे बर्मी गट : बर्मी, राखाइन, दावे, इंथा, आचाङ, झाइवा, लाशी, मारू, बोला. दुसरीकडे लोलो गट : 'यी' या छत्रीखाली कोंबलेल्या कितीतरी भाषा, शिवाय हानी, आखा, लाहू, लिसू, जिनुओ, बिसू, फुनोई. 'लोलो' हा शब्द चिनी वापरात हिणवणारा होता, म्हणून भाषाशास्त्रज्ञ डेव्हिड ब्रॅडली 'ङ्वी' म्हणतात. धाग्यात ङ्वी वापरू. ब्रॅडलींनी १९७९ मध्ये या गटाच्या मूळ भाषेची पुनर्रचना मांडली. उत्तर, मध्य, दक्षिण आणि आग्नेय ही त्यांची विभागणी आजही कामाला येते. २०१२ मध्ये लामा यांनी संगणकीय पद्धतीने मांडणी केली, तेव्हा युन्नान-व्हिएतनाम सीमेकडचा मोन्झी गट इतरांपासून फार आधी फुटल्याचं दिसलं.

माझा मुद्दा झाडाच्या फांद्यांपुरता नाही. चीनमध्ये १९५०च्या दशकात वांशिक समूहांची अधिकृत यादी झाली. एकट्या युन्नानमधून २६० च्या आसपास नावं आली होती. चाळून चाळून देशभराची मिळून ५५ झाली, आणि १९७९ मध्ये जिनुओ धरून ५६. त्या गाळणीतून जे खाली गेले त्यांच्या भाषा कागदोपत्री दुसऱ्या कुणाच्या तरी 'बोली' झाल्या. २०२०च्या जनगणनेत 'यी' सुमारे ९८ लाख आहेत. हा आकडा पाहून 'यी भाषा सुखरूप' म्हणणं म्हणजे गावजेवणाची पंगत मोजून एकेकाच्या घरची चूल पेटली असं समजणं.

चुका दाखवा. चूभूद्याघ्या.

खडीसाखर

उत्तम विषय, वाचनखूण साठवली आहे. एक अडाणी प्रश्न : २०० शब्दांची यादी घ्यायची, किती टक्के जुळतात ते मोजायचं, ७०-८० टक्क्यांच्या वर ते जवळचे. इतकं सोपं का नाही?

अनुस्वार

कारण जुळणं दोन प्रकारचं असतं. बर्मी लिपीत 'म्यानमा' हा शब्द आजही 'म्रन्मा' असा लिहितात. लिपी ब्राह्मीचीच लेक, त्यामुळे देवनागरीत अक्षर-अक्षर उतरतो. प्रमाण बर्मीत र चा य झाला, राखाइनमध्ये र अजून जिवंत आहे. तसंच जुन्या बर्मीत 'दगड' क्लोक् होता, आता लिहितात क्योक्. दावेकडे असा जोडाक्षरातला ल टिकून आहे.

आता 'राखाइन आणि दावे दोघी जुनं जपतात, म्हणून त्या बहिणी' असं म्हणता येईल का? नाही. जुनं न टाकणं हा नात्याचा पुरावा नव्हे. आजीचं पितळी तपेलं दोन चुलत घरांत उरलं म्हणून ती दोन घरं एकमेकांना जास्त जवळची ठरत नाहीत. दोघींनी मिळून केलेला नवा बदल सापडला तरच एक फांदी. टक्केवारीत जपलेलं आणि बदललेलं एकाच तराजूत पडतं, आणि उसनं घेतलेलंही.

रानवाट

उसन्याबद्दल : आचाङमध्ये शान-दाई शब्दांची रेलचेल आहे आणि झाइवात जिंगफोच्या शब्दांची. हे दुसरं जास्त फसवं, कारण जिंगफो तिबेटो-बर्मी असली तरी लोलो-बर्मी नाही. त्यात झाइवा, लाशी, मारू, बोला बोलणाऱ्यांची चीनमध्ये अधिकृत नोंद 'जिंगफो' अशीच होते. चीनमधल्या 'जिंगफो' लोकांपैकी बहुसंख्य मुळात झाइवा बोलतात, म्हणजे समूहाचं नाव एका शाखेच्या भाषेचं आणि बहुतेकांची बोलणी दुसऱ्या शाखेची. बोलासारखी मोजक्या गावांतली भाषा या नावाखाली दिसणार तरी कशी?

अशीच गंमत युन्नानच्या थुंगहाय परगण्यात. तिथल्या शिंगमंग गावचे लोक नोंदीत 'मंगोल' आहेत. तेराव्या शतकात कुब्लाई खानाच्या फौजेबरोबर आलेल्यांचे वंशज. भाषा मात्र खात्सो, अस्सल ङ्वी. वंशावरून भाषा ठरवणारा तिथे मंगोल व्याकरण शोधत बसेल.

उंबरठा

मूळ धाग्यातला मारूचा 'बित्' सोडून पुढे जाऊ नका, तो एकटा अर्धा अभ्यासक्रम आहे.

पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटतं, मारूने शेवटचा त् जपला आणि बर्मी-लिसूने गमावला. उलटं आहे. लिखित तिबेटीत चार म्हणजे 'ब्झि', शेवटी व्यंजन नाही. बर्मीत नाही, लिसूत नाही. मारूने मूळच्या उघड्या शब्दांना मागाहून शेपूट लावलं : काही स्वरांनंतर त्, काहींनंतर क्. रॉबिन्स बर्लिंग यांनी १९६६ मध्येच हे दाखवलं. सुरुवातीचा ब मात्र खरंच जुना, तो तिबेटी 'ब्झि'तल्या ब चा भाऊ. ले-ली वाल्यांनी ब टाकून ल ठेवला, मारूने ल गिळून ब ठेवला. म्हणजे तीन ध्वनींच्या शब्दात पहिला जुना, शेवटचा नवा. यादी भरताना 'बित् आणि ले : जुळत नाही' असा शून्य मांडणारे भेटतात, आणि तिथून पुढचं सगळं गणित गंडतं.

भोचक भवानी

रोचक! मग सूर (ज्यांच्या चढ-उताराने शब्दाचा अर्थच बदलतो) आणि घसा आवळून बोलणं वगैरे? या भाषांत म्हणे स्वर 'आवळ' आणि 'सैल' असे दोन जातींचे असतात. ज्यांच्यात ते आहेत त्या एका गटात टाकल्या की झालं.

उंबरठा

तोच तर खड्डा. आवळ-सैल भेद बर्मी गटातल्या झाइवातही आहे आणि ङ्वी गटातल्या हानी, यी, म्पीतही. पण आला वेगवेगळ्या वाटांनी.

झाइवाची वाट : मराठीत मरणे-मारणे, पडणे-पाडणे अशा जोड्या आहेत ना, तशा बर्मीत प्यक् म्हणजे बिघडणे आणि फ्यक् म्हणजे बिघडवणे. बर्मीत हा फरक सुरुवातीच्या व्यंजनात, प चा फ होतो. झाइवात तेच काम स्वर आवळून होतं. म्हणजे आवळपणाचं मूळ शब्दाच्या तोंडाशी. शेवटचे प्-त्-क् झाइवाने शाबूत ठेवले आहेत.

म्पीची वाट : थायलंडच्या फ्रे प्रांतातली ही छोटी भाषा. सहा सूर, आणि प्रत्येक सुरात आवळ-सैल असे दोन, म्हणजे 'सि' या एका अक्षराचे बारा उच्चार. त्यातल्या खालच्या सपाट सुरात सैल 'सि' म्हणजे रक्त आणि आवळ 'सि' म्हणजे सात. का? 'रक्त' मुळात उघडा शब्द, लिखित बर्मीत स्वेः. 'सात'च्या शेवटी मुळात त् होता. तो गळाला आणि जाताना स्वर आवळून गेला. इथे आवळपणाचं मूळ शब्दाच्या शेपटाशी.

म्हणून नवी भाषा हाती आली की आवळ स्वराचे शब्द वेगळे काढा आणि त्यांचे लिखित बर्मी सोबती, म्हणजे त्याच मुळातून आलेले बर्मी शब्द, शेजारी मांडा. सोबत्यांच्या अंती प्-त्-क्-च् दिसले तर ङ्वी वाट, आरंभी महाप्राण दिसले तर झाइवा वाट. तीसेक शब्दांत कल कळतो. बर्मी शब्द मात्र लिहिल्यासारखा घ्या, आजच्या उच्चाराने नाही. यंगूनच्या उच्चारात शेवटची प्-त्-क् सगळी एका घशातल्या झटक्यात विरली आहेत.

खडीसाखर

स्वेः मधला विसर्ग खरंच विसर्ग आहे?

उंबरठा

चिन्ह तेच, काम वेगळं. बर्मीत तो वरचा सूर दाखवतो, ह् चा उच्चार नाही. 'चार' पण लिहिताना लेः.

भोचक भवानी

बरं, खड्डा मान्य. पण सरकारने बोली म्हटलं काय आणि भाषा म्हटलं काय, बोलणारे बोलतातच की. आणि एकमेकांचं कळतं की नाही हे कुणी ठरवायचं? 'आमची भाषा वेगळी' हे तर प्रत्येक वाडीला वाटतं.

रानवाट

कळतं की नाही याची चाचणी आहे, आणि ती वाटण्यावर चालत नाही. पद्धत अशी :

पहिल्या गावातल्या माणसाकडून दोन-तीन मिनिटांचा साधा प्रसंग सांगून घ्यायचा. लोककथा नको, ती ऐकणाऱ्याला आधीच ठाऊक असते आणि न समजताही उत्तरं बरोबर येतात. त्यावर दहा-पंधरा प्रश्न काढायचे. आधी हे प्रश्न त्याच गावात विचारायचे. घरच्यांनाच जे जमत नाहीत ते प्रश्न वाईट, ते फेकायचे. मग ध्वनिमुद्रण दुसऱ्या गावी न्यायचं, प्रश्न ऐकणाऱ्याच्या स्वतःच्या बोलीत मुद्रित करून मधे घालायचे, किमान दहा जणांना एकेकट्याने ऐकवायचं. घोळक्यात ऐकवलं की हुशार माणूस पुटपुटतो आणि सगळे पास.

नुसती सरासरी पाहू नका, उत्तरांचा फैलाव पाहा. सगळे ८० च्या आसपास असतील तर भाषाच जवळच्या. पण बाजाराला जाणाऱ्या बाप्यांना ९५ आणि घरच्या बायकांना ४० मिळाले, तर सरासरी तशी बरी येईल, पण ती समज शिकलेली आहे, जन्मजात नाही. असा विदा 'एकच भाषा' म्हणून खपवला जातो.

युन्नानच्या वेइशान भागातल्या लालोचा अभ्यास कॅथरिन यांग यांनी याच जातीच्या चाचण्या आणि ध्वनिबदलांची तुलना एकत्र करून केला. 'पश्चिमी यीची एक बोली' म्हणून नोंदलेल्या लालोच्या कडेला मांगदी, यांगल्यू, एका, श्यूझांग असे बरेच दुरावलेले प्रकार सापडले. 'फुला' या दुसऱ्या यी गटाचं तर विचारूच नका : युन्नानमधल्या होंगह-वेनशानच्या डोंगरांत जेमी पेल्की यांना एका 'फुला' नावाखाली दोन डझनांच्या आसपास भाषा दिसल्या. आता तुमच्या 'काय फरक पडतो'चं उत्तर : एक 'फुला' धोक्यात नाही असं म्हणता येतं. दोन डझनांतल्या प्रत्येकीची नाडी वेगळी तपासावी लागते, आणि त्यातल्या काहींची लागतच नाही.

अनुस्वार

+१. शिवाय नाव चुकलं की औषधही चुकीच्या घरी जातं. सिचुआनच्या ल्यांगशान भागातल्या नुओसू या यी भाषेची प्रमाण लिपी १९८० मध्ये मंजूर झाली : ८१९ अक्षरचिन्हं, आणि एका सुरासाठी डोक्यावर कमान. युनिकोडमध्ये १९९९ पासून आहे. लिपी छान बसते, नुओसूला. तिच्या रोमन रूपात शेवटचं व्यंजन उच्चारायचं नसतं, ते फक्त सुराची खूण असतं. ठाऊक नसलेले लोक ते वाचतात आणि नसलेली व्यंजनं भाषेत घालतात. पण 'यी लिपी झाली, पुस्तकं झाली' म्हणताना लालो किंवा फुलाच्या मुलाच्या हाती काय पडलं? ल्यांगशानच्या उच्चारांची अक्षरं. त्याच्यासाठी ती चिनीइतकीच परकी.

तिसरा_डोळा

धोका मोजण्याच्या पद्धतीवर कुणी बोललं नाही, म्हणून मी घालतो भर.

युनेस्कोच्या २००३ च्या चौकटीत नऊ घटक आहेत, त्यांची बेरीज करायची नसते. आकडा हवा असेल तर धोक्यातल्या भाषांच्या जागतिक सूचीचा निर्देशांक सोपा : चार घटक, प्रत्येकी ० ते ५. पिढीतून पिढीकडे जाणं, बोलणाऱ्यांची संख्या, संख्येचा कल, वापराची क्षेत्रं. पहिल्याला दुप्पट वजन, म्हणून एकूण २५.

दोन काल्पनिक भाषा घ्या. पहिली : ९०,००० बोलणारे, पण मुलं बोलत नाहीत, आईबापांपैकी काहीच बोलतात. पिढी ३, दुपटीने ६; संख्या १; कल ३; क्षेत्रं ३. बेरीज १३, म्हणजे ५२ टक्के : 'धोक्यात'. दुसरी : ४,००० बोलणारे, सगळी मुलं बोलतात. पिढी ०, संख्या २, कल ०, क्षेत्रं २. बेरीज ४, म्हणजे १६ टक्के : नुसती 'नाजूक'. हजारांची भाषा लाखाच्या घरातलीपेक्षा धडधाकट निघाली. नव्वद हजारांचा आकडा पाहून निश्चिंत होणाऱ्यांनी हे गणित एकदा हाताने करून पाहावं.

कुठे चुकतं? एक, 'संख्या' म्हणून जमातीची लोकसंख्या टाकतात. दुसरं, मुलं बोलतात का हे गावच्या मुखियाला विचारतात, तो 'हो तर' म्हणतो. आजी नातवाला हाक मारते तेव्हा नातू कोणत्या भाषेत 'ओ' देतो ते ऐका, विचारू नका. तिसरं, एकच घटक माहीत असताना टक्केवारी छापतात. फक्त संख्या ठाऊक असेल तर २५ पैकी ५ गुणांचाच पाया आहे, म्हणजे खात्री २० टक्के. ही खात्री सूचीत शेजारीच लिहिलेली असते, पण उद्धृत करताना कुणी घेत नाही.

रानवाट

तुमच्या मोजपट्टीच्या पार खालच्या टोकाला गॉङ. थायलंडच्या कांचनबुरी, सुफानबुरी, उथाई थानी प्रांतांत मूठभर उरलेली. पहिली शब्दयादी कर नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाने १९२७ मध्ये छापली, तीही 'लावा' नावाने, कारण थाई लोक त्यांना तसंच म्हणत. खरी लावा उत्तरेकडची, आणि ती ऑस्ट्रोएशियाई कुळातली! म्हणजे पन्नासेक वर्षं नावच भलत्या कुळाचं. ब्रॅडलींनी १९७०च्या दशकापासून नीट नोंदी केल्या तोवर ख्वे याई खोऱ्यात धरण आलं, वस्त्या हलल्या. उठवलेले लोक थाई गावांत विखुरले, लग्नं बाहेर होऊ लागली, घरची भाषा थाई झाली. लोकसंख्या मेली नाही, वस्ती फुटली. छोट्या भाषेला बहुधा हेच मारतं.

वर्गीकरणातही गॉङ त्रासदायक. ब्रॅडली ङ्वीत धरतात, काहींना ती कोणत्याच खोपीत बसत नाही असं वाटतं, कारण ती इतरांनी टाकलेली जोडव्यंजनं बाळगून आहे. पण अनुस्वार यांनी वर सांगितलं तेच : जपलेलं दाखवून जागा ठरत नाही. आणि समाईक नवे बदल शोधायला लागणारे शब्द आता किती जणांच्या तोंडी आहेत?

उंबरठा

बिसूचा दाखला जोडतो, नवा बदल कसा दिसतो त्याचा. नकाराचा 'म' या कुटुंबात घरोघरी : बर्मी म, लिसू म, लाहू म. बिसूत तो ब. कारण तिथे जुन्या म चा पद्धतशीर ब झाला. एका शब्दात दिसला तर योगायोग. पाच-सात मूळ शब्दांत दिसला आणि शेजारच्या भाषेतही त्याच शब्दांत दिसला, तर फांदी.

खडीसाखर

मग उद्या कुणाला अशा भाषेची यादी घ्यायची झाली तर सुरुवात कशी करावी? आणि युन्नानमधली नाशी भाषा या घरात की बाहेर?

उंबरठा

नाशी : जुन्या मांडण्यांत आत किंवा उंबऱ्यावर, २०११ मध्ये जाक आणि मिशो या भाषाशास्त्रज्ञांनी ती छ्यांग भाषांच्या, म्हणजे दुसऱ्या एका तिबेटो-बर्मी शाखेच्या, बाजूला नेली. मला दुसरं पटतं.

यादी : आग्नेय आशियासाठी भाषाशास्त्रज्ञ मॅटिसॉफ यांनी केलेली २०० शब्दांची घ्या. तिथे बर्फ-समुद्र विचारून उपयोग नसतो, तांदूळ-बांबू विचारावे लागतात. 'भात' एक शब्द समजू नका. रोप, साळ, तांदूळ, शिजलेला भात हे वेगळे विचारा. मुद्रण दाबलेल्या फाइलमध्ये नको, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट वेव्ह. शब्द तीनदा, मोजमापाला मधला घ्या : यादी वाचताना शेवटच्याला आवाज आपोआप पडतो आणि उंच सूर मधला वाटतो. प्रत्येक शब्द एका ठरलेल्या वाक्यातही घ्या. अंक सुटे घेतले तर 'एक माणूस, दोन माणसं' असेही घ्या, गणक (मोजताना अंकाला जोडायचा शब्द) लागला की बऱ्याच ङ्वी भाषांत सूर सरकतो.

दात पडलेल्या आजोबांचा शब्द सोन्यासारखा, पण शेवटचा त् की क् ते त्यांच्याकडून कळत नाही. त्यांच्या मुलीला तोच शब्द म्हणायला लावा. आणि चिनी किंवा बर्मी शब्द उच्चारून विचारू नका, उत्तरात तोच उसना शब्द परत येतो. वस्तू दाखवा, क्रिया करून दाखवा.

भोचक भवानी

हत्यारं खाली ठेवली. शेवटचा प्रश्न : ईशान्येतलं टोक कोणतं म्हणालात?

अनुस्वार

दोन. अरुणाचलच्या चांगलांग जिल्ह्यात विजयनगरकडे योबिन, म्हणजे लिसूच. आणि त्रिपुरात मोग, म्हणजे राखाइनची जवळची नातलग, चितगाव डोंगरांतल्या मारमाची सख्खी. आपल्या जनगणनेत १०,००० च्या आतल्या भाषा स्वतंत्र छापत नाहीत, 'इतर'मध्ये जातात. त्यामुळे मोग यादीत दिसते, लिसू दिसत नाही. मारमा हे नाव पाहिलंत? म्रन्मा. र तसाच आहे.